मागचा दिवा कुणासाठी असतो?

ट्रेलर चालवणाऱ्याला आपल्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही. तो बंद पडला तरी गाडी तशीच धावते, माल पोचतो, भाडं मिळतं. त्या दिव्याची गरज असते मागून येणाऱ्याला, आणि तो कोण हे कुणालाच माहीत नसतं. दिवा बंद आहे हे त्याला कळतं तेव्हा तक्रार करायला वेळ उरलेला नसतो. ताशी ६० च्या वेगाने येणारी मोटरसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते.

कन्हानमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. आजूबाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, पलीकडे खापरखेड्याचं वीज केंद्र, जवळून जाणारा नागपूर–जबलपूर रस्ता. याच रस्त्यावर जड गाड्याही असतात आणि ड्यूटीवरून दुचाकीने घरी निघालेली माणसंही.

आता समजा, ट्रेलरचे दिवे लागत नाहीत म्हणून मिस्त्रीला बोलावलं. पुढच्या ट्रकमधून मागच्या ट्रेलरला करंट एका केबलमधून जातो. तिचा प्लग धुळीने भरतो, पावसात पिना गंजतात. अर्थ खराब असेल तर ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो. गाडी उभी असताना सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या खड्ड्यात दिवे जातात. मिस्त्री प्लग साफ करतो, दिवे लागतात. पण चेसिसच्या आतली वायर कुठेतरी घासली आहे, असा त्याला संशय आहे. ती शोधायला दोन तास हवेत. इतक्यात गाडीचा भरायचा नंबर येतो आणि ड्रायव्हर निघतो. जॉब कार्डवर मिस्त्री काय लिहील? ‘काम पूर्ण’ की ‘काम अपूर्ण’?

दिवे तर लागले होते. ‘पूर्ण’ लिहिलं तर ते धडधडीत खोटं ठरणार नाही. इथेच इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड आठवतो. १८७७ साली ‘विश्वासाची नीती’ या विषयावर त्याने एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं आहे, दुरुस्ती हवी आहे, हे त्याला ठाऊक असतं. पण इतक्या सफरी पार पडल्या, ही पण पडेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांसह जहाज सोडतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तपासून नव्हे, तर शंका दाबून तो विश्वास त्याने मिळवला. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

या कसोटीवर ‘अपूर्ण’ लिहिणारा मिस्त्री सरळ माणूस आहे. त्याने आपली शंका दाबली नाही, कागदावर ठेवली. पण महिन्याच्या शेवटी आढावा घेणारा साहेब काय पाहतो? कुणाच्या किती भेटी अपूर्ण राहिल्या, एवढंच. ज्याच्या जास्त, तो कामचुकार. असं दोनदा झालं की मिस्त्री शहाणा होतो आणि ‘पूर्ण’ लिहायला लागतो. आकडे सुधारतात, दिवे मात्र होते तसेच राहतात. माणसाला खोटं बोलायला कुणी सांगितलेलं नसतं, फक्त खरं बोलणं महाग केलेलं असतं.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक अपूर्ण कामाला गाडी अडवायची का? ड्रायव्हरची कमाई फेरीवर असते, त्याचं पोट कुणी भरायचं? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर सगळा दिवस गाडी उभी करा असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लावणं बंधनकारक केलंय. म्हणजे गाडी दिवसा परत येऊ शकते का, अंधार पडायच्या आत मिस्त्रीला दोन तास देता येतात का, हे विचारता येतं. आणि त्या दोन तासांचं नुकसान एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारायचं नाही, मालकाने सोसायचं. रेडियमची पट्टी चिकटवली की भागलं असंही नाही. ती मागच्याच्या हेडलाइटवर चमकते, ब्रेक दाबला हे सांगत नाही. फिटनेसच्या दाखल्याचंही तसंच. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला तो दोन वर्षांतून एकदा लागतो, आणि तो त्या एका दिवसापुरता खरा असतो.

म्हणून अपूर्ण भेटींचा आढावा घेताना माणसं मोजण्याऐवजी कारणं वाचावीत. वेळ कमी पडला, की सुटा भाग नव्हता? तोच ट्रेलर तिसऱ्यांदा आलाय का? नोंद ट्रकच्या नंबरवर आणि बिघाड ट्रेलरमध्ये, असं तर नाही ना? कारण पुढचा ट्रक बदलला की जुना बिघाड कागदावरून गायब होतो, रस्त्यावरून होत नाही. आणि सर्वांत आधी विचारायचं ते हे: ‘अपूर्ण’ लिहिलेली ती गाडी त्या रात्री रस्त्यावर होती का, आणि हे कुणाला माहीत होतं?

मागून येणारा माणूस कधीच त्या आढाव्याच्या बैठकीत नसतो. मिस्त्रीने लिहिलेला ‘अपूर्ण’ हा एकच शब्द तिथे त्याच्या बाजूने बोलत असतो. तो शब्द वाचला जाईल एवढं तरी आपल्या हातात आहे.