चांगला द्राक्षारस कोणाला कळतो?



नाताळ सरला की आपल्याकडे लग्नसराईला भर येतो. प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याआधी उरकून घ्यावे म्हणून एकेका रविवारी दोन-दोन लग्ने लागतात. ह्या दिवसांत धर्मगुरूला दोन कामे नेमाने करावी लागतात. एक म्हणजे लग्न लावणे आणि दुसरे म्हणजे रात्रीच्या मेजवानीत पुढे आलेला ग्लास कोणाचे मन न दुखवता परत करणे. पहिले काम सोपे आहे.

काना गावच्या लग्नाची कथा (योहान २:१-११) आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. द्राक्षारस संपतो, ती अडचण पवित्र मरियेच्या लक्षात येते, प्रभू येशू रांजण पाण्याने भरायला सांगतो आणि भोजनकारभारी तो नवा द्राक्षारस चाखतो. मग तो वराला बोलावून जे म्हणतो त्याचा आशय असा, की लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात आणि पाहुणे भरपूर प्याले की हलका बाहेर काढतात. तू मात्र उत्तम तो आतापर्यंत राखून ठेवलास. ह्या उद्गाराकडे आपण चमत्काराची पावती म्हणून पाहतो. परंतु त्यात व्यवहारातली एक कबुलीही आहे. भरपूर प्यालेल्या माणसाला चांगले-वाईट कळत नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वी वाढप्यांनाही ठाऊक होते आणि यजमानाचा हिशेब त्यावरच चालत असे. त्या रात्री चांगला द्राक्षारस ओळखला तो कामावर असलेल्या माणसाने.

मराठीत 'शुद्ध' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. निर्भेळ वस्तूला आपण शुद्ध म्हणतो आणि माणूस भानावर असला की तो शुद्धीवर आहे असे म्हणतो. बाटलीतली शुद्धता आणि पिणाऱ्याची शुद्ध ह्यांची सांगड त्या कारभाऱ्याने घातली. पेय कितीही उत्तम असो, ते उत्तम आहे हे जाणणारा जागा नसेल तर ते उत्तम असून नसल्यासारखेच.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्ही ह्याच शास्त्रवाचनावर प्रवचन केले होते. त्याचा शेवट आम्ही असा केला, "घ्यायचीच असेल तर थोडी घ्या, पण चांगली घ्या." लोक हसले. मिस्सा संपल्यावर बरेच पुरुष मुद्दाम हात मिळवायला आले. एरवी आमच्या प्रवचनानंतर असे होत नाही, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते.

तीन आठवड्यांनी एक बाई कचेरीत आल्या. (हे त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत.) त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "फादर, तुमचं प्रवचन फार छान झालं. आमच्या घरी तर ते पाठच झालंय." त्यांच्या यजमानांनी अकरा महिने थेंबाला हात लावला नव्हता. दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा भरे, तेथे ते नियमाने जात. आमच्या प्रवचनानंतरच्या शनिवारी ते बाटली घेऊन घरी आले. साधी नव्हे, महागडी. पत्नीने विचारले तेव्हा म्हणाले, "फादरनी वेदीवरून सांगितलंय. थोडी, पण चांगली." पहिल्या आठवड्यात ती थोडीच होती. तिसऱ्या आठवड्यात ती थोडी राहिली नाही, चांगलीही राहिली नाही.

आम्ही त्या बाईंना काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही, कारण उत्तर नव्हतेच. पण तो प्रश्न आम्हाला सोडून गेला नाही. 'थोडे पण चांगले' हे तत्त्व खोटे होते काय? खोटे नसेल तर त्याने एका घरात आग कशी लावली?

सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो होतो. सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो, हे त्याचे म्हणणे सर्वश्रुत आहे. त्याच्या पुढचे म्हणणे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. तो म्हणतो, मध्य दोन प्रकारचा आहे. दहा आणि दोन ह्यांचा मध्य सहा, हा गणिताचा मध्य झाला आणि तो सर्वांना सारखा. माणसाचा मध्य तसा नाही. एखाद्याला दहा मापे अन्न जास्त होते आणि दोन मापे कमी पडतात, म्हणून तालमीतला वस्ताद सरसकट प्रत्येकाला सहा मापे वाढायला सांगत नाही. मिलो हा एक नामांकित मल्ल. सहा मापे त्याला कमी पडतील आणि तालमीत नुकत्याच आलेल्या पोराला तीच जास्त होतील. आम्ही हे परीक्षेत लिहिले, चांगले गुणही मिळविले आणि वेदीवर उभे राहिल्यावर विसरलो. 'थोडी' हे सर्वांसाठी एकच माप असल्यासारखे आम्ही बोललो. ज्याच्या शरीराने आणि मनाने मद्यापुढे एकदा हार खाल्ली आहे, त्याच्यासाठी मध्य म्हणजे शून्य. ते शून्य कमी दर्जाचे नव्हे. तो त्याचा पूर्ण संयम आहे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्या संयमाला स्वतंत्र सद्गुण मानले. 'सोब्रिएतास' हा त्यांचा लातिन शब्द, आणि त्याचा उगम ते 'माप' अशा अर्थाच्या शब्दाकडे नेतात. भाषापंडितांना ती व्युत्पत्ती पटो वा न पटो, विचार पटण्यासारखा आहे. मद्य स्वतः पाप नाही, परंतु जाणूनबुजून आपली बुद्धी गहाण टाकणे हे गंभीर पाप, असे ते सांगतात. हा संयम कोणाला विशेष आवश्यक, ह्याच्या त्यांच्या यादीत तरुण आहेत, वृद्ध आहेत, राजे आहेत आणि बिशप व वेदीचे सेवकही आहेत. म्हणजे आम्हीही आलो.

वेदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी पुष्कळांना ठाऊक नसते. मिस्सेत वापरायच्या द्राक्षारसाबाबत ख्रिस्तसभा अतिशय काटेकोर आहे. तो द्राक्षांपासून नैसर्गिकरीत्या बनलेला आणि न बिघडलेला असावा, असे धर्मविधान (कलम ९२४) सांगते. तरीही २४ जुलै २००३ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने जगभरच्या बिशप-परिषदांच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले. त्या वेळी मंडळाचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर होते, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. मद्यासक्तीमुळे वा दुसऱ्या आजारामुळे ज्या धर्मगुरूला द्राक्षारसाचा एक घोटही घेणे शक्य नाही, त्याला बिशपच्या परवानगीने 'मुस्तुम' वापरता येतो, असे त्यात स्पष्ट केले आहे. मुस्तुम म्हणजे ज्याचे आंबणे सुरुवातीलाच थांबविले आहे असा द्राक्षांचा रस. जेथे एकेका थेंबाला अनन्य महत्त्व आहे, त्या वेदीवरसुद्धा ख्रिस्तसभेने एका घोटाला भिणाऱ्या माणसासाठी जागा ठेवली. मग आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये ती का नसावी?

आता 'चांगली' ह्या शब्दाकडे वळू. चांगली म्हणजे महाग, असा आपला समज झाला आहे. परदेशातून भाऊ येतो, विमानतळावरून बाटली आणतो आणि ती काचेच्या कपाटात फोटोशेजारी मांडली जाते. पण बाटलीतले मद्यार्क लेबल वाचत नाही. मद्य हे कर्करोगाला कारण ठरते, असे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. "फादर, संत पौलानेच तिमथ्याला पोटासाठी घ्यायला सांगितले आहे ना?" असे विचारणारे दर लग्नात एक-दोघे भेटतात. पौलाने 'थोडा' असे लिहिले आहे (१ तिमथ्य ५:२३), आणि ते एका माणसाला लिहिलेले पत्र होते. विचारणाऱ्याचे पोट सहसा उत्तम असते.

"मी दारू घेत नाही, फक्त बिअर," असेही पुष्कळ तरुण सांगतात. हिशेब करून पाहावा. सात टक्के मद्यार्क असलेल्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४५ मिलिलिटर मद्यार्क असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १३. म्हणजे एक बाटली बिअर पिणारा साडेतीन पेग घेऊन मोटारसायकलवर बसतो. मद्याच्या अमलाखाली वाहन चालवून स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे धर्मशिक्षणग्रंथातही (क्र. २२९०) सांगितले आहे.

ज्यांना निवडीची चैनच नाही, त्यांच्यासाठी 'चांगली' ह्याचा अर्थ आणखी वेगळा आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. 'दर्जेदार प्या' हा उपदेश त्यांना कोणत्या तोंडाने करावा?

तरीही आम्ही 'चांगले' हा शब्द टाकून देणार नाही. तो आम्हाला शिकविला तो आमच्या आजीच्या पिढीने. नाताळासाठी द्राक्षांची नाहीतर जांभळांची वाइन आठवडेच्या आठवडे बरणीत मुरत असे, आणि घरी आलेल्या पाहुण्याला अंगठ्याएवढ्या ग्लासात मिळे. ईस्ट इंडियन लग्नात विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणल्यावर मसाला घालून गरम केलेले खिमाड देत, तेही लहानशाच ग्लासात, घोट घोट. कोणी केले, कशापासून केले, साखर किती घातली हे सगळ्यांना ठाऊक असे आणि त्यावर चर्चाही होई. ग्लास लहान असे, कारण गप्पा मोठ्या असत. आज ग्लास मोठे झाले आणि गाण्यांच्या आवाजात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. (नाताळच्या घरभेटींत दहाव्या घरातला अंगठ्याएवढा ग्लासही धर्मगुरूला जड जातो, हे यजमानांनी लक्षात घ्यावे.)

एका कॉलेजच्या मुलाने आम्हाला अडविले होते. "फादर, सहा रांजण! प्रभूने प्रमाण कुठे पाहिले?" शंका रास्त आहे. त्या रांजणांत मिळून पाचशे ते सातशे लिटर मावत असावे. त्या काळी लग्नाचा सोहळा सात-सात दिवस चाले, सारा गाव जेवायला असे आणि द्राक्षारसात पाणी मिसळण्याची रीत होती, एवढे तर खरेच. परंतु खरे उत्तर वेगळे आहे. देणाऱ्याने उदंड दिले ही देणाऱ्याची थोरवी. घेणाऱ्याने किती घ्यावे हे त्यावरून ठरत नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे म्हणून कोणी विहीर पिऊन टाकत नाही.

घेणाऱ्यापेक्षाही आम्हाला जास्त काळजी वाटते ती आग्रह करणाऱ्याची. जेवणाचा आग्रह ही आपली संस्कृती आहे, पण पुरणपोळीचा आग्रह आणि पेगचा आग्रह एकाच पंक्तीत बसत नाहीत. "एकच घे, आमच्या आनंदासाठी" असे म्हणणाऱ्याला समोरच्याच्या घरचे काही ठाऊक नसते. आणि न घेणाऱ्याच्या हाती आपण देतो काय? साखरेचे रंगीत, फसफसणारे पाणी, तेही गरम झालेले. ज्या घरात पाच हजारांची बाटली उघडते, त्या घरात चांगले कोकम सरबत करायला आमसुले मिळत नाहीत, असे होणार नाही. आम्ही एवढेच सुचवितो, की ह्या लग्नसराईत टोस्टच्या ट्रेमध्ये दोन प्रकारचे ग्लास सारख्याच मानाने ठेवावेत आणि कोणी कोणता उचलला हे कोणी पाहू नये.

योहानाच्या शुभवर्तमानात एक लहानसे वाक्य आहे, जे आपण भराभर वाचून पुढे जातो. द्राक्षारस कोठून आला हे कारभाऱ्याला ठाऊक नव्हते, पण पाणी काढणाऱ्या सेवकांना ठाऊक होते. घरात आलेली बाटली कोठून आली, कोणाच्या शाळेच्या फीमधून आली, हे पिणाऱ्याला ठाऊक नसले तरी पाणी भरणारीला ठाऊक असते.

त्या बाईंचे यजमान पुन्हा बुधवारच्या सभेला जाऊ लागले. अकरा महिने पुसले गेले होते, पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करावी लागली. आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "फादर, तुम्ही नसता बोललात तर मी दुसऱ्या कोणाचं वाक्य शोधलं असतं." मोठ्या मनाचे बोलणे होते, पण आम्ही ते पूर्णपणे मान्य केले नाही.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचे लग्न झाले. आम्हाला जाता आले नाही. रात्री उशिरा बाईंचा फोन आला. टोस्टच्या वेळी वधूपित्याने ग्लास उंच धरला, लालभडक, काठोकाठ. शेजारच्या टेबलावर कुजबूज झाली, की भारी वाइन दिसते, आपल्याला का नाही दिली? त्यात कोकम होते हे फक्त ग्लास भरणाऱ्या पोराला ठाऊक होते.