एका खुंट्याला दोन हात

वृद्ध आणि तरुण यांना एकत्र कसें आणावें, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांच्या सभांतून वारंवार निघतो. उत्तरही बहुधा ठरलेलें असतें : भजनाचा कार्यक्रम ठेवावा, वाचनालय काढावें आणि वडील मंडळींचा सत्कार करावा. उपाय वाईट नाहींत. परंतु म्हाताऱ्याच्या गळ्यांत हार घालून त्याला पुढच्या खुर्चीवर बसविलें, आणि सबंध कार्यक्रमांत त्याच्यावांचून कोणाचें कांहींच अडलें नाहीं, तर तो मान झाला कीं सभ्य निरोप झाला?

आमच्या खेड्यांत पूर्वी पहाटे घरोघर जातें चाले. खुंटा एकच, पण दळण मोठें असलें म्हणजे त्याला दोघींचे हात लागत. एका बाजूस सासू, दुसऱ्या बाजूस सून. नाहींतर आई आणि लेक. थोरली ओवी उचली, धाकटी ती झेली. त्यासाठीं कोणी शाळा घातली नव्हती. दगड जड होता म्हणून दोघी जवळ बसत, आणि जवळ बसत म्हणून गाणें एकीच्या कंठांतून दुसरीच्या कंठांत जाई. पुढें पिठाची गिरणी आली. फार बरें झालें. ज्यांच्या तळव्यांना घट्टे पडले त्या बाया जातें परत मागणार नाहींत, आणि ज्यांनीं तें कधीं ओढलें नाहीं अशा आम्हां पुरुषांनीं तर त्याची थोरवी मुळींच गाऊं नये. पण गिरणीनें श्रमाबरोबर ती जवळ बसण्याची जागाही नेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रांत गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, आणि २०१७ सालापासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या सर्वांस खुल्या केल्या आहेत. हें काम झालें नसतें तर कितीएक आवाज मातीआड गेले असते. तथापि संग्रहांतली ओवी आपण होऊन कोणाला आजीजवळ बसवीत नाहीं. ती ऐकून एखादी नात घरीं जाऊन, "आजी, ही तुला येते का?" असें विचारील, तरच पुढची गोष्ट घडेल.

आमच्या गीतांचेंही तसेंच आहे. गीतपुस्तकांत पुष्कळ गीतांच्या माथ्यावर चालीचें नांव छापलेलें असतें. पण ज्याच्या कानीं ती चाल पडलीच नाहीं, त्याला तें नांव मुकें. मी पूर्वी ज्या मंडळींत होतों तेथें मीं एक चूक केली. तरुणांना हुरूप यावा म्हणून वाद्य आणवून गायन सर्वस्वी त्यांच्या हातीं दिलें, आणि वडील मंडळींसाठीं ठळक अक्षरांचीं पुस्तकें आणून कपाटांत ठेविलीं. किल्ली माझ्याजवळ. दोघांचीही सोय झाली असें मला वाटलें. सहा महिन्यांत बायकांची मागची रांग गप्प झाली. एक म्हातारी मला म्हणाली, "पाळकसाहेब, आम्हांला आतां ऐकायचंच काम उरलं."

तिला अक्षर येत नव्हतें. पण कित्येक जुन्या चाली तिच्यावांचून कोणालाच येत नव्हत्या. पुढें एक मुलगा पुस्तक घेऊन तिच्या ओसरीवर जाऊं लागला. तो कडवें वाची, ती चाल लावी. त्याचा ताल चुके, तिचे शब्द निसटत; आणि दोघें एकमेकांवर चिडत. तीं भांडणें मीं रस्त्यावरून ऐकलीं आहेत, आणि आमच्या कोणत्याही सत्कारसमारंभापेक्षां मला तीं बरीं वाटलीं. पौल करिंथच्या मंडळीला शरीराचा दृष्टांत देतो, तेथें अवयवांना एकमेकांची गरज आहे हें तो आधीं सांगतो. मानाची गोष्ट मागाहून येते.

वाचनालयाविषयीं थोडेंच सांगतों. सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळ भिलार हें गांव मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलें जातें. तेथें पुस्तकें एकाच इमारतींत कोंडलेलीं नाहींत. तीं गांवकऱ्यांच्या घरांतही ठेविलीं आहेत, म्हणून वाचणाऱ्याला कोणाचा तरी उंबरा ओलांडावा लागतो. हें कळल्यावर मीं आमचें कपाट उघडून पुस्तकें सहा घरांत वांटलीं. चार हरवलीं. पंचांनीं हिशेब मागितला, तो मीं दिला.

कोणी विचारील, तरुणांनीं नवें गाऊंच नये काय? अवश्य गावें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं देशी वळणाचीं गीतें रचिलीं, तीं आज जुनीं वाटतात, पण एके काळीं नवींच होतीं. कोणी तरी आपला कान त्यांस लावून दिला म्हणून तीं रुजलीं. हा कान देण्याचा भार आतां वडील मंडळींवर आहे. त्या मुलानें एक नवें गीत म्हातारीला शिकविण्याचा यत्न केला, तेव्हां तिला तें पहिल्यानें मुळींच आवडलें नाहीं. तरी दुसऱ्या दिवशीं तिनें त्याला पुन्हा बोलाविलें.