ढिगाऱ्याचा हिशेब

मोप्याहून शेजारच्या डिचोली तालुक्यात गेलो, की लोहखनिजाच्या खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर दिसतात. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघते. पावसात ती शेतांत व ओढ्यांत उतरते. ती हटविण्यास खर्च किती? गाळ उपसणे, बांध घालणे यांचा अंदाज अभियंता देईल. पण आटलेल्या विहिरीचे मोल कोण ठरविणार? २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम कायम निधीत ठेवण्यास सांगितले, तो पुढील पिढ्यांचा वाटा म्हणून. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असे प्रभूने शिकविले. खणणाऱ्यालाही तेच लागू आहे, असे आम्हांस वाटते. न मोजलेला खर्च माफ होत नाही; तो मुलांच्या नावे लिहिला जातो.