रेघेवरचं रोप

हुगळीकाठचं बराकपूर म्हणजे तागाचा मुलूख. नदीलगत तागाच्या गिरण्या, जवळच नीलगंजला ताग संशोधनाची केंद्रीय संस्था. इथून कोलकात्याकडे जाणाऱ्या बी. टी. रोडवरच, बरानगरात, प्रशांतचंद्र महालनोबिसांनी उभारलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. बंगालभर ताग किती पेरला, हे शेतन् शेत न फिरता सांगायचा उद्योग त्यांनी १९३७ मध्ये हाती घेतला. मोजकी शेतं निवडायची आणि त्यांवरून प्रांताचा अंदाज बांधायचा. या अंदाजावर त्यांनी पहाराही बसवला. एकाच मुलखात दोन पथकं पाठवायची, दोघांचे नमुने वेगळे. आकड्यांत जितकी तफावत, तितका अंदाज कच्चा.

पण दोन्ही पथकं एकाच बाजूला चुकली तर?

असं होऊ शकतं, हे दाखवून दिलं साताऱ्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. उत्पन्नाचा अंदाज घ्यायला शेतातला तुकडा कापून तोलतात. या पीककापणीसाठी लहानसं वर्तुळ आखलं, की काही रोपं नेमकी रेघेवर येतात. आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ती आत ओढतो. वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली, की क्षेत्रफळाच्या मानाने परीघ दुप्पट होतो. म्हणजे तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगलेलं. हजार शेतं कापली तरी ही चूक विरत नाही. दोन्ही पथकांचे हात आतच ओढत असतील, तर त्यांचे आकडे छान जुळतात आणि दोन्ही खोटे असतात. सुखात्मे यांनी मोठे तुकडे कापून ताडून पाहिलं, तेव्हा फरक उघडा पडला. यावरून महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला.

आज आपल्याकडे पीक विम्याची भरपाई मुख्यतः पीककापणी प्रयोगांतल्या उत्पन्नावर ठरते. तिथे आकडा फुगला, तर नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याच्या हाती कमी पडतं किंवा काहीच पडत नाही. म्हणून ही रेघ फार मोलाची आहे.

पाऊस असो, पीक असो की बाजार, सगळं कुणालाच मोजता येत नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती ओढण्यात चूक शिरते. चार अंदाज जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत. चौघांची रीत एकच असू शकते. ज्याची मोजायची रीत वेगळी, त्याला मुद्दाम आपल्या बांधावर बोलवावं. त्याचा आकडा निराळा आला, तर त्याला खोडून काढण्याआधी आपली रेघ पुन्हा तपासावी.