ऐकू आल्यानंतर

इंजिनातून कधी न ऐकलेली ठोक यायला लागली की बहुतेक ड्रायव्हर बॉनेट उघडत नाहीत, आधी गाण्यांचा आवाज वाढवतात. यात मूर्खपणा कमी आणि हिशेब जास्त असतो. आवाज नीट ऐकला नाही तोवर तो ‘असंच काहीतरी’ असतो. टॅपेट असेल, पंपावरचं डिझेल खराब असेल, खालचा पत्रा ढिला झाला असेल. नीट ऐकला की त्याला नाव मिळतं, नावामागून खर्च येतो, आणि खर्च टाळला तर त्याचा दोष आपल्याकडे येतो. म्हणून न ऐकणं सगळ्यात स्वस्त.

मला पडलेला प्रश्न इथूनच सुरू होतो. बिघाडाची जबाबदारी माणसावर नेमकी कधी येते? बिघाड झाल्यावर, तो कळल्यावर, की नुसता संशय आल्यावर?

विल्यम किंग्डन क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली या प्रश्नाचं फार कडक उत्तर देऊन ठेवलंय. त्याच्या नावाचं बीजगणित भौतिकशास्त्रात आणि कम्प्युटर ग्राफिक्समध्ये आजही वापरतात. मला तो आधी तिथेच भेटला. ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात तो एका जहाजमालकाची गोष्ट सांगतो. जहाज जुनं, बऱ्याचदा दुरुस्त केलेलं. ते समुद्रात सोडावं की नाही, अशी शंका मालकाला येते. तपासणी करायची तर खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतकी वादळं झेलून जहाज परत आलंय, यावेळीही येईल, जहाजात देशांतर करणारी कुटुंबं आहेत, देव त्यांना सांभाळेलच. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं, आणि हा विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा अगदी प्रामाणिक होती हे मान्य, पण तशी श्रद्धा ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढे जाऊन म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा दोष तसूभर कमी झाला नसता. (क्लिफर्ड स्वतः १८७० मध्ये सूर्यग्रहण बघायला जाताना सिसिलीजवळ जहाज फुटल्याने थोडक्यात वाचला होता. त्यामुळे जहाजाचंच उदाहरण का, असं त्याला विचारायची गरज नाही.)

हे वाचताना मला पटापट पटत गेलं. मग मे महिन्यात शिरूर अनंतपाळहून काकांचा फोन आला आणि ते इतकं सोपं राहिलं नाही.

काकांकडे जुनी डिझेल जीप आहे. काळी-पिवळी म्हणून निलंग्याकडे चालते, बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, आणि जानेवारीत उजेडच्या यात्रेला. (आमच्या तालुक्यातल्या उजेड गावात महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. पाळणे, मिठाईची दुकानं, सगळं काही, आणि देवाच्या जागी गांधीबाबा.) तर त्या जीपमधून अचानक ठोक यायला लागली होती. तीन दिवसांनी एका लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. काकांनी गाडी चालू ठेवून फोन इंजिनाजवळ धरला आणि विचारलं, “ऐकू यायलंय का?” मला काहीच आलं नाही. फोनवर सतत येणारा एकसुरी आवाज सॉफ्टवेअर गोंगाट समजून दाबून टाकतं, म्हणजे नेमका जो ऐकायचा तोच. माझ्या पेशातल्या कुणीतरी हे मोठ्या कौशल्याने लिहिलंय.

म्हणून शुक्रवारी रात्रीची बस पकडून गेलो. माझा इंजिनिअरिंगचा अभ्यास कम्प्युटरचा, जीपच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही. पण बिघाड शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे आणि मिस्त्री काम करताना बघायला मला आवडतं.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो आम्ही ऑफिसमध्ये विचारतो तोच: “परवापासून गाडीत काय बदललं?” झीज हळूहळू होते, तिचा आवाजही सहसा हळूहळू वाढतो. अचानक आलेल्या आवाजामागे बऱ्याचदा अचानक झालेलं काहीतरी असतं. नवीन डिझेल, नुकतंच केलेलं काम, कमी झालेलं ऑइल, ढिला झालेला पुलीचा बोल्ट. डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. किती दिवसांपासून, ते कुणालाच सांगता येईना.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. टॅपेटचा आवाज वरून येतो, हलका असतो, आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने येतो, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. हा आवाज जड होता, खालून येत होता आणि क्रँकच्या वेगाने येत होता. पिस्टनची झीज असेल तर थंड इंजिनात आवाज जास्त आणि गरम झाल्यावर कमी येतो. इथे उलटं होतं. गरम होऊन ऑइल पातळ झालं की ठोक वाढत होती. मिस्त्री म्हणाले, “मालक, तळातून ठोकायलंय.”

पुढची चाचणी मला सगळ्यात आवडली. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट फडकं धरून ढिला करायचा. त्या सिलिंडरमध्ये जाळ होणं थांबतं. तिसऱ्याचा नट ढिला केला आणि ठोक जवळजवळ गेली. मी मनात म्हटलं, सापडलं. मिस्त्री म्हणाले, अजून काहीच सापडलं नाही. तिसऱ्याचं नोझल खराब असेल तरी आवाज असाच जाणार, आणि तिसऱ्या कनेक्टिंग रॉडची बिग एंड बेअरिंग गेली असेल तरी असाच जाणार, कारण दोन्हीत दणका त्याच जाळाचा. मग त्यांनी तिसऱ्याचं नोझल पहिल्याला आणि पहिल्याचं तिसऱ्याला बसवलं. आवाज नोझलबरोबर पहिल्यावर गेला असता तर काम थोडक्यात होतं. आवाज तिसऱ्यावरच राहिला.

आता ऑइल चेंबर उघडून बेअरिंग बघणं एवढंच उरलं होतं. आणि तिथे काका अडले.

“उघडू नका,” ते म्हणाले. “लग्न होऊ द्या. मग बघू.”

चेंबर उघडायला अर्धा दिवसही लागणार नव्हता. अडचण उघडण्याची नव्हतीच. आत काय दिसेल त्याची होती. बेअरिंग गेलेली असेल तर क्रँक उतरवायची, लेथवर घासून घ्यायची, नवीन बेअरिंग, आणि एवढं उघडलंच आहे तर पिस्टन-रिंगाही. मिस्त्रींनी ४० हजारांचा अंदाज सांगितला, ऐन सीझनमध्ये आठवडाभर गाडी उभी राहणार ते वेगळंच. काकांचं म्हणणं अगदी सरळ होतं: आत्ता मला माहीत नाही. उघडल्यावर माहीत होईल. माहीत झाल्यावर मी वऱ्हाड नेऊ शकत नाही.

मी क्लिफर्डचाच मुद्दा मांडला, नाव न घेता. बेअरिंग घट्ट धरून फिरली किंवा रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. चालत्या गाडीत इंजिन एकदम थांबतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही दोन-चार दाबांत संपते. गाडीत बारा माणसं, त्यातली निम्मी बायका-पोरं.

काका म्हणाले, “बाळा, तुला परवडतंय म्हणून तुला खरं आवडतंय.”

या वाक्यावर मी अजून विचार करतोय. क्लिफर्डच्या गोष्टीत हे नाही. त्याच्या मालकाकडे जहाज आहे, विमा आहे, तपासणीला पैसे आहेत. तो ते नुसते टाळतो. काकांच्या विम्यात इंजिन येत नाही. जाणून घेण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. मी छातीच्या दुखण्यावर त्याच दिवशी ईसीजी काढून घेतो. आमच्याकडचा सालगडी ॲसिडिटीची गोळी घेऊन कामावर जातो, आणि त्याला ‘बेजबाबदार’ म्हणणं मला जमणार नाही. पुरावा मिळवायचं कर्तव्य सांगताना तो मिळवायचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे क्लिफर्डने विचारायला हवं होतं.

पण काकांचा युक्तिवादही मला पूर्ण मान्य करता येत नाही, आणि तो का येत नाही हे समजायला मला आमच्याच जिल्ह्यातला दुसरा एक आवाज आठवावा लागला.

निलंगा तालुक्यातल्या हासोरीत सप्टेंबर २०२२ मध्ये जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. सौम्य धक्केही नोंदले गेले. लोक घराबाहेर झोपू लागले. बाहेरच्या माणसाला हे अति वाटेल. पण इथे प्रत्येक घराला किल्लारी माहीत आहे. तिथेही १९९२ च्या पावसाळ्यानंतर जमीन गुडगुडली होती, छोटे धक्के बसले होते, मग ते थांबले. लोक पुन्हा आपल्या दगड-मातीच्या माळवदांत झोपू लागले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते मी जन्माआधीचं असूनही लहानपणापासून ऐकत आलोय.

किल्लारीच्या माणसांना क्लिफर्डचा नियम लावता येत नाही. जमिनीचं चेंबर उघडून बघायची सोय नव्हती. तेव्हा नव्हती, आजही नाही. छोटे धक्के मोठ्याची नांदी आहेत की तेवढेच आहेत, हे आधी सांगणारी चाचणी कुणाकडेच नाही. तिथे विल्यम जेम्सचं म्हणणं जवळचं वाटतं. त्याने १८९६ मध्ये ‘द विल टू बिलीव्ह’मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं, त्याचा गाभा असा: काही प्रश्न असे असतात की पुराव्याने ते सुटत नाहीत, निर्णय मात्र आत्ताच घ्यावा लागतो, आणि न घेणं हाही निर्णयच असतो. रात्री घरात झोपायचं की बाहेर? पुरावा येईपर्यंत थांबतो असं म्हणता येत नाही, कारण झोप आजच लागणार आहे. अशा वेळी कुणी देवावर भार टाकून आत झोपला तर त्याला मी नाव ठेवणार नाही.

काका चेंबरच्या बोल्टांपुढे उभे राहून हासोरीतल्या माणसासारखं बोलत होते. “त्याच्या मनात असंल ते होईल.” जमिनीबद्दल हे वाक्य नम्रपणाचं आहे. चौदा नंबरच्या पान्याने उघडणाऱ्या गोष्टीबद्दल ते तसं राहत नाही. आणि ४० हजार हा दुरुस्तीचा खर्च होता, बघण्याचा नव्हता. बघायला फक्त मिस्त्रींची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि ऑइल लागणार होतं. परवडत नाही म्हणून दुरुस्त न करणं मला समजतं. परवडणारी चाचणी न करणं, आणि तीही बारा माणसं दुसऱ्याच्या घरची असताना, मला समजत नाही. जिवाची जोखीम त्यांची, आणि ठोक ऐकलेली फक्त आपण.

यातलं थोडंफार मी बोललो. काका त्याने हलले असं वाटत नाही. मिस्त्रींनी जुनं ऑइल एका पांढऱ्या टबात सोडलं आणि टब उन्हात सरकवून ठेवला. त्यात सोनेरी चमक तरंगत होती, बेअरिंगच्या धातूची. काका बराच वेळ टबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “उघडा.”

बेअरिंग गेलीच होती. पैशांचं कसं जमवलं तो घरातला विषय आहे. लग्नघरी काकांनी स्वतः जाऊन सांगितलं की गाडी ठोकायलीय, दुसरी बघून देतो. ते ऐकून मुलीच्या वडिलांनी आभार मानले. पण गावात गोष्ट पसरते ती ‘त्यांची गाडी खराब आहे’ एवढीच. इंजिन बांधून झाल्यावरही जूनमधल्या दोन तारखा हातच्या गेल्या.

स्टँडवरची आणखी एक जीप त्याच सुमारास ठोकत होती. तिच्या इंजिनात गिअरबॉक्सचं जाड ऑइल ओतलं गेलं. त्याने झीज भरत नाही, पण आवाज काही दिवस बसतो. ती जीप सगळ्या तारखांना गेली आणि सगळी माणसं घेऊन नीट परत आली. मी काकांना सांगितलं की क्लिफर्ड नावाच्या एका माणसाच्या मते त्या मालकाचा दोष गाडी परत आली म्हणून कमी होत नाही.

काका म्हणाले, “त्याला म्हणावं, स्टँडवर येऊन सांग.”