निदान आणि दुरुस्ती

बंद पडलेलें यंत्र पुन्हां चालूं लागलें म्हणजे दुरुस्ती पुरी झाली, असें आपण सारेच समजतों. आणि व्यवहारापुरतें तसें समजणें सोयीचेंही आहे. परंतु बिघाडाचें कारण न कळतांच यंत्र चालूं लागलें, तर दुरुस्त करणाराचें कर्तव्य तेथें संपतें काय? हा प्रश्न माझ्यापुढें ग्रंथांतून आला नाहीं. तो जालन्यांतील एका गॅरेजांतून आला.

माझ्याकडे एक जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आर. एस. आहे. धाकट्या भावानें ती हौसेनें घेतली आणि त्याच्या मागें ती माझ्या दारांत आली. जालन्याहून छत्रपति संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे, जातांना वाटेंत शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथें 2001 पासून ऑक्टेव्हियाची जुळणी होऊं लागली. आर. एस. ही तिची अधिक वेगवान आवृत्ति. 1.8 लिटरचें टर्बो इंजिन, दर सिलिंडरला पांच झडपा आणि 150 अश्वशक्ति! पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला इतक्या शक्तीचा कांहीं उपयोग नाहीं, हें मी घरच्यांच्या आधींच कबूल करतों. तथापि भावाची वस्तु भंगारांत घालवत नाहीं. आणि जालन्यांत भंगार हा नुसता शब्द नव्हे. येथल्या पोलादाच्या भट्ट्यांत तें रोज वितळतें आणि त्याच्या सळ्या होऊन बाहेर पडतात.

गेल्या पावसाळ्यांत ही गाडी मिसिंग करूं लागली. इंजिन थंड असेपर्यंत सारें ठीक. तापलें कीं उभ्या गाडीला हिंव भरल्यासारखा थरकांप सुटे. ज्यांना सारा मोहल्ला उस्ताद म्हणतो, अशा एका वयस्क कारागिराकडे ती नेली. त्यांनीं स्कॅनर लावला. चारही सिलिंडरांत ठिणगी चुकत असल्याची नोंद मिळाली. ह्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, आणि ती निकामी होणें ही कारागिरांच्या परिचयाची गोष्ट आहे. त्यांनीं चारही कॉइल बदलल्या. गाडी लोण्यासारखी चालूं लागली. मीं पैसे मोजले आणि आनंदानें घरीं आलों.

तिसऱ्या दिवशीं उस्तादांचा फोन आला. "सर, गाडी परत घेऊन या."

"कां? गाडी तर उत्तम चालते आहे!"

"म्हणूनच. कां चालते तें मला कळलेलें नाहीं."

खरें सांगायचें तर मला राग आला. सुस्थितींतली गाडी पुन्हां उघडायची, म्हणजे ह्यांत कांहीं डाव असावा, अशी शंकाही मनाला शिवून गेली. उस्तादांचें म्हणणें एवढेंच होतें: चार कॉइल एकाच दिवशीं मरत नाहींत. चौघांना एकदम बाधा झाली असेल, तर जें चौघांना समान आहे, हवा किंवा इंधन, तेथें तिचें मूळ असलें पाहिजे. तर्कशास्त्र शिकवण्यांत माझीं सत्तावीस वर्षें गेलीं. काकतालीय न्याय मी दर जूनमध्यें फळ्यावर लिहितों. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फांदी मोडली असें होत नाहीं, हें मुलांना सांगतों. आणि स्वतः मात्र त्या कावळ्याचे पैसे चुकते करून आलों होतों!

उस्तादांनीं जुन्या कॉइल पुन्हां बसवल्या. गाडी तशीच उत्तम चालली. मग त्यांनीं एका बंद डब्यांत तेल तापवून त्याचा धूर इंजिनाच्या हवेच्या मार्गांत सोडला. आमचे नैयायिक डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचें अनुमान करीत आले. येथें धुरावरून छिद्राचें अनुमान करावयाचें होतें. बराच वेळ कांहीं दिसेना. मग एक नळी त्यांनीं बोटानें किंचित वांकवली, आणि तिच्या वळणाच्या खालच्या अंगानें धुराची एक बारीक रेघ वर आली. कॉइल बदलतांना हात लागून नळी सरकली होती व तडा तात्पुरता मिटला होता. मोजमाप चुकवून त्या तड्यांतून हवा आंत शिरे आणि चारही सिलिंडरांचें मिश्रण बिघडे. वीस वर्षें उष्णता सोसलेलें रबर तडकलें, ह्यांत दोष कोणाचाच नव्हे. नवी नळी कांहीं शें रुपयांत आली.

आयुर्वेदानें रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकीं उपशय म्हणजे औषध किंवा पथ्य देऊन, त्यानें आराम पडतो कीं नाहीं ह्यावरून रोग ओळखणें. भाग बदलून पाहणें हा उपशयच आहे, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु बदलून पाहणें आणि बदलून मोकळें होणें ह्यांत अंतर आहे. तडा पुन्हां उघडला असता. मग संवेदक बदलला गेला असता, मग इंधनाचा पंप, आणि अखेरीस "इंजिनच गेलें" असा निकाल देऊन कोणीं तरी भट्टीचा रस्ता दाखवला असता. किती धडधाकट यंत्रें अशा रीतीनें मृत ठरत असतील!

आतां ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारागिरानें विचार करीत तीन तास उभें राहावें, आणि त्या तीन तासांचे पैसे कोणीं द्यावे? कॉइलचे हजारों रुपये मीं निमूटपणें दिले, कारण डबा हातांत आला. केवळ विचाराबद्दल तेवढेच मागितले असते, तर मीं घासाघीस केली असती. कारागिराला भागांचा विक्रेता आपणच करून ठेवतों आणि मग त्याला लबाड म्हणतों. उस्तादांवर मीं मनांतल्या मनांत आरोप ठेवला, तो ह्याच संवयीनें.

गॅरेजांत बसल्या बसल्या मला एक विद्यार्थी आठवला. परतूरकडून येणारा हा मुलगा पहिल्या तासाला रोज उशिरां येई. एकदां वर्गासमोर मीं त्याला फार लागेल असें बोललों. पुढच्या आठवड्यापासून तो वेळेवर येऊं लागला. हा माझ्या शब्दांचा गुण, असें मी कित्येक वर्षें सहकाऱ्यांना सांगत असें. पुढें तो नोकरीला लागल्यावर भेटला, तेव्हां सहज बोलण्यांत निघालें कीं त्याच आठवड्यांत त्याच्या गांवाहून एक लवकरची बस सुरू झाली होती. मीं त्याला गाडी परत घेऊन ये म्हटलें नव्हतें.

कॉइलचे पैसे परत करण्याचा उस्तादांनीं हट्ट धरला. मीं घेतले नाहींत. मग त्यांनींही धुराच्या दिवसाची मजुरी घेण्याचें नाकारलें, आणि ह्यावरून आमच्यांत बराच वाद झाला. गाडी जुन्याच कॉइलवर चालते आहे. नव्या चार माझ्या कपाटांत, तर्कशास्त्राच्या पुस्तकांशेजारीं, डब्यांत घालून ठेवल्या आहेत.