शिलोहाचा बुरूज आणि कोळशाची खाण



आजच्या शुभवर्तमानात (लूक १३:१-९) एका अपघाताची बातमी आहे. शिलोह येथील बुरूज कोसळला आणि अठरा माणसे दगावली. बुरूज कोणी बांधला, पाया कच्चा होता का, याविषयी संत लूक काही सांगत नाही. पण लोकांच्या मनात काय चालले होते ते येशूला ठाऊक होते. ती माणसे मेली, म्हणजे त्यांचेच काही पाप असणार! येशू स्वच्छ शब्दांत 'नाही' म्हणतो, आणि लगेच जिवंत राहिलेल्यांकडे वळतो. पश्चात्ताप त्यांनी करायचा आहे.

हा उतारा वाचताना मला बेल्जियममधील मार्सिनेल गाव आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमकडे कोळसा होता, पण खाणीत उतरायला माणसे नव्हती. इटलीत हातांना काम नव्हते आणि चुलीला कोळसा नव्हता. १९४६ साली दोन्ही सरकारांनी करार केला. इटलीने ५०,००० कामगार पाठवायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा द्यायचा. माणसाच्या बदल्यात कोळसा! कराराच्या कागदावर भाषा अर्थातच सभ्य होती.

८ ऑगस्ट १९५६ रोजी सकाळची पाळी खाली उतरली. जमिनीखाली ९७५ मीटरवर एक कोळशाची छोटी वाघीण पिंजऱ्यात नीट बसली नाही. तिचा काही भाग बाहेर राहिला. (माणसे आणि कोळसा वर-खाली नेणाऱ्या लिफ्टला खाणीत पिंजरा म्हणतात.) वरच्या आणि खालच्या माणसांत इशाऱ्याचा गोंधळ झाला आणि पिंजरा वर निघाला. बाहेर आलेल्या वाघिणीच्या धक्क्याने तेलाचा नळ फुटला, विजेच्या तारा तुटल्या आणि आग लागली. खाणीत ताजी हवा जाण्याची वाटही तीच होती. जी हवा माणसांना जगवायची, तिनेच धूर आणि विषारी वायू त्यांच्यापर्यंत नेला. २६२ जण मेले. त्यांत १३६ इटालियन होते. बायका-मुले दोन आठवडे फाटकाच्या गजांना धरून उभी होती.

चूक कोणाची? वाघीण ढकलणाऱ्याची, की पिंजरा हलवणाऱ्याची? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'कारण' या एका शब्दावर आम्ही महिनेच्या महिने घालवले. ॲरिस्टॉटलने कारणाचे चार प्रकार सांगितले आहेत. चौकशी अहवालांना बहुधा एकच पुरतो: कामगाराची चूक. अहो, माणूस चुकणारच! पहाटे उठलेला, परक्या भाषेत हुकूम ऐकणारा माणूस तर हमखास चुकेल. पण पिंजऱ्याच्या वाटेत तेलाचा नळ आणि विजेच्या तारा शेजारी शेजारी कोणी ठेवल्या? एका चुकीने शेकडो जीव जातील अशी रचना कोणी चालू दिली? पहिल्या खटल्यात सगळे निर्दोष सुटले. अपिलात एका अभियंत्याला दोषी धरले, तीही शिक्षा स्थगित.

हे दूर देशातले झाले, असे म्हणू नका. आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी, नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते, शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साठलेले पाणी मधली भिंत फोडून आत घुसले. सुमारे ३७५ कामगार बुडाले. तुमच्यापैकी वयस्कर मंडळींनी 'काला पत्थर' हा सिनेमा पाहिला असेल, तो याच घटनेवरून सुचलेला. पाणी काही एका रात्रीत तिथे साठले नव्हते. तरीही आपण म्हणतो, देवाची मर्जी. मला हा शब्दप्रयोग ऐकवत नाही. जे दुरुस्त करायचे राहिले ते देवाच्या नावावर खपवणे म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणेच होय.

देवाची मर्जी शोधायचीच असेल तर राणीगंजजवळच्या महाबीर खाणीत शोधा. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिथेही पाणी शिरले. सहा जण गेले, ६५ जण खाली अडकले. जमिनीतून एक अरुंद भोक पाडून त्यातून एका माणसापुरती पोलादी कॅप्सूल खाली सोडायची, असे ठरले. जसवंतसिंग गिल नावाचे अभियंते स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले. एकेकाला वर पाठवीत राहिले आणि सगळ्यांत शेवटी स्वतः वर आले. गिल शीख होते. दर रविवारी आपण विश्वासांगीकारात ख्रिस्त अधोलोकात उतरला असे म्हणतो, तेव्हा मला त्या भोकाची आठवण येते.

आजच्या दाखल्यातील माळी धन्याकडे अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागतो. ते वर्ष तो नुसता वाट पाहण्यात घालवणार नाही. तो झाडाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. आपल्या पापनिवेदनाच्या तयारीच्या पुस्तिकेत राग, खोटे बोलणे, मिस्सा चुकवणे यांविषयी प्रश्न असतात. लांबणीवर टाकलेल्या दुरुस्तीविषयी एकही नसतो. कारखान्यात यंत्राची जाळी काढून काम उरकणारे, मजुराला पट्ट्याविना परातीवर चढवणारे ठेकेदार, बोअरवेलची उघडी वायर 'राहू दे' म्हणून सोडणारे आपण, यांपैकी कोणी ते पाप म्हणून सांगतो का?

मीही नाही सांगितले. गेल्या सणाच्या दिवशी मंडपाच्या लोखंडी खांबाला हात लागून वेदीसेवकांपैकी एका मुलाला विजेचा झटका बसला. मुलगा वाचला, हसलाही. मी "सण होऊ दे, मग बघू" म्हणालो. सण होऊन गेला, आणि मी पाहिले नाही.

वायरमन उद्या सोमवारी येत आहेत. चर्चची आणि शेजारच्या सभागृहाची सगळी जोडणी उघडून तपासायला दोन दिवस लागतील. त्यामुळे सोमवार आणि मंगळवारची संध्याकाळची मिस्सा पंख्यांविना, लाऊडस्पीकरविना होईल. पुढच्या बाकांवर येऊन बसा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू